ज्येष्ठांमधली जर्जरता: घरी कशी मोजावी, ताकद कशी परत आणावी

ऐंशीच्या पुढची दोन माणसे. दोघांनाही दोन दिवस जुलाब होतात. एकजण तिसऱ्या दिवशी उठून आपली कामे करू लागतो. दुसरा अंथरूण धरतो, असंबद्ध बोलू लागतो, रात्री उठताना पडतो आणि जुलाब थांबून महिना झाला तरी आधाराशिवाय उभा राहत नाही. वय तेच, आजार तोच. फरक पडतो तो शरीराच्या शिलकीमुळे. स्नायू, हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे, मेंदू या सगळ्यांकडे रोजच्या गरजेपेक्षा बरीच जास्त क्षमता राखीव असते. ही शिल्लक एकाच वेळी अनेक ठिकाणी आटली की किरकोळ धक्काही पेलवत नाही. या अवस्थेला डॉक्टर ‘फ्रेल्टी’ म्हणतात. मराठीत आपण तिला जर्जरता म्हणू.

जर्जरता म्हणजे म्हातारपण नव्हे. नव्वदीतही ठणठणीत माणसे असतात आणि पासष्टीत जर्जर झालेलीही असतात. ‘वय झाले, असे होणारच’ या एका वाक्यापायी सुधारू शकणारी माणसे वर्षानुवर्षे तशीच राहतात. जर्जर माणूस वारंवार पडतो, त्याची हाडे मोडतात, औषधे त्याला लवकर बाधतात, शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत जास्त होते, रुग्णालयातला मुक्काम लांबतो आणि मृत्यूचा धोकाही वाढतो. मात्र जर्जरतेच्या आधी एक उंबरठ्याची अवस्था असते. तिथे पकडले तर माणूस पुन्हा मागे, सुदृढतेकडे येऊ शकतो. त्यासाठी अंदाज बांधत बसू नका, मोजा.

आधी मोजमाप

२००१ मध्ये वृद्धांच्या आरोग्याच्या अमेरिकी संशोधक लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्जरतेची पाच लक्षणे ठरवून दिली. आजही बहुतेक ठिकाणी तीच वापरतात: वर्षभरात प्रयत्न न करता साडेचार किलो किंवा मूळ वजनाच्या ५ टक्के वजन घटणे, सतत थकवा, हाताची पकड कमी होणे, चालण्याचा वेग मंदावणे आणि हालचाल कमी होणे. यांतली तीन किंवा जास्त असतील तर जर्जरता, एक-दोन असतील तर उंबरठा.

घरी चार गोष्टी मोजता येतात. सगळ्यांत उपयोगी पहिली आहे, तिला वेळ द्या.

खुर्चीची चाचणी. बिनहातांची, न डगमगणारी, साधारण ४३ सेंटिमीटर उंच बैठकीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. ज्येष्ठ व्यक्तीने बैठकीच्या मध्यावर बसावे, पाऊले जमिनीला पूर्ण टेकलेली, हात छातीवर उलटसुलट घडी घातलेले. ‘चला’ म्हटल्यावर ३० सेकंदांत जितक्या वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येईल तितके मोजायचे. उठण्यासाठी हाताचा आधार घ्यावा लागला तर गुण शून्य. तो शून्यही लिहून ठेवा, कारण पुढची प्रगती त्यावरूनच कळणार आहे. पुढे दिलेल्या संख्येपेक्षा कमी वेळा उठता आले तर पायांची ताकद घटली आहे आणि पडण्याचा धोका वाढला आहे असे समजा: ७० ते ७४ वयात पुरुष १२, स्त्रिया १०, ७५ ते ७९ मध्ये पुरुष ११, स्त्रिया १०, ८० ते ८४ मध्ये पुरुष १०, स्त्रिया ९, ८५ ते ८९ मध्ये दोघांनाही ८. या चाचणीत नेहमी होणारी चूक म्हणजे अर्धवट उठणे मोजणे. गुडघे आणि कंबर सरळ झाली तरच ती एक वेळ धरा. आणि हात धरायला कोणीतरी बाजूला उभे असलेच पाहिजे.

चालण्याचा वेग. जमिनीवर ४ मीटर अंतर चिकटपट्टीने आखा. सुरुवातीच्या खुणेच्या एक मीटर आधीपासून चालायला सुरुवात करावी आणि शेवटच्या खुणेच्या एक मीटर पुढे थांबावे, म्हणजे वेग घेण्याचा आणि थांबण्याचा वेळ मोजला जात नाही. ‘भरभर चाला’ असे सांगू नका, नेहमीच्या चालीनेच चालू द्या. काठी वापरत असतील तर काठीसह. दोनदा मोजून कमी वेळ धरा. ४ मीटरला ५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर वेग सेकंदाला ०.८ मीटरपेक्षा कमी आहे, आणि ही धोक्याची खूण आहे.

वजन. महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी शौचानंतर, साधारण तशाच कपड्यांत. ६० किलोच्या माणसाचे ३ किलो न सांगता गेले तर तो ५ टक्क्यांचा आकडा झाला. कपडे सैल होणे, घड्याळाचा पट्टा ढिला होणे, कवळी हलणे या खुणा काट्याआधी दिसतात. पण काटा दोन प्रकारे फसवतो. पायांवर सूज असेल तर पाण्याचे वजन स्नायूंची घट झाकते. आणि स्थूल माणसाचे वजन तेवढेच राहूनही आतले स्नायू जाऊन त्या जागी चरबी आलेली असू शकते. जाड माणूस जर्जर नसतो हा समज त्यामुळे महागात पडतो.

पोटरीचा घेर याच कारणासाठी मोजायचा. खुर्चीत बसवून, गुडघा काटकोनात, पोटरीच्या सर्वांत जाड भागाभोवती फीत न आवळता गुंडाळा. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांप्रमाणे पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी घेर असेल तर स्नायू घटल्याची शंका घ्यावी. पाय सुजलेले असतील तर हे माप निरुपयोगी.

चारही आकडे तारखेसह एका वहीत लिहा. डॉक्टरांना ‘अंगात त्राण राहिले नाही’ एवढेच सांगण्यापेक्षा ‘जानेवारीत ११ वेळा उठत होते, आता ६’ हे सांगितले की पुढचा विचार नेमका होतो.

मागे दडलेले कारण

व्यायाम आणि आहाराकडे वळण्याआधी डॉक्टरांकडे एक फेरी हवीच, कारण जर्जरतेसारखे दिसणारे किंवा ती वाढवणारे बरेच काही उपचारांनी सुधारते. रक्तातले हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, मूत्रपिंडांचे काम, सोडियम, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व यांच्या तपासण्यांबद्दल विचारा. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी झालेले आढळते. नैराश्य विसरू नका. म्हातारपणी ते रडण्यातून दिसेलच असे नाही. भूक मरणे, कशातच रस न उरणे, पहाटे लवकर जाग येणे अशा रूपात ते येते. दुखणारे दात, न बसणारी कवळी, मोतीबिंदू, कमी ऐकू येणे हीसुद्धा माणसाला हळूहळू खुर्चीला खिळवतात. आणि वजन झपाट्याने घटत असेल तर ते वयावर ढकलू नका, कर्करोगासह इतर आजारांची शक्यता डॉक्टरांनी तपासलीच पाहिजे.

सर्वांत जास्त फायदा मात्र अनेकदा औषधांच्या पिशवीत सापडतो. घरातली सगळी औषधे, दुकानातून परस्पर आणलेलीसुद्धा, एका पिशवीत भरून न्या आणि प्रत्येकाबद्दल एकच प्रश्न विचारा: हे आजही लागते का? पाच किंवा जास्त औषधे चालू असतील तर हा प्रश्न वर्षातून किमान एकदा विचारायचाच.

औषधांची साखळी कशी तयार होते ते पाहा. रक्तदाबासाठी अम्लोडिपिन दिले. त्याने घोट्यांवर सूज आली. सूज म्हणून लघवी वाढवणारी गोळी सुरू झाली. तिने रात्री तीनदा उठावे लागते, सोडियम उतरते, चक्कर येते आणि माणूस पडतो. मग चक्करेची गोळी येते, तिने गुंगी येते. दुखणे मुळात पहिल्या गोळीचे होते, पण शेवटी नाव मात्र म्हातारपणाचे होते.

झोपेच्या गोळ्या, सर्दी-खाजेची क्लोरफेनिरामिन किंवा डायफेनहायड्रामिन यांसारखी जुन्या पिढीची औषधे आणि लघवी अडवून धरण्यासाठीची काही औषधे विशेष जपून घ्यायची. ती मेंदू सुस्त करतात, तोंड कोरडे पाडतात, बद्धकोष्ठ आणि गोंधळ वाढवतात. झोपेची गोळी वर्षानुवर्षे चालू असेल तर ती एका रात्रीत कधीही बंद करू नका. मात्रा डॉक्टरांच्या सांगण्यानुसार टप्प्याटप्प्यानेच उतरवावी लागते, नाहीतर झटकेसुद्धा येऊ शकतात. मधुमेहात जर्जर माणसाची साखर फार काटेकोर ठेवण्यापेक्षा ती एकदम खाली जाऊ न देणे महत्त्वाचे. ग्लायबेनक्लामाइडसारखी गोळी चालू असेल तर हा मुद्दा आवर्जून काढा.

घरी रक्तदाबाचे यंत्र असेल तर आणखी एक मोजणी करा. पाच मिनिटे आडवे झोपवून रक्तदाब घ्या, मग उभे करून एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर उभे राहताना येणाऱ्या अंधारीचे कारण सापडले. आकडे डॉक्टरांना दाखवा, गोळी स्वतःहून थांबवू नका.

व्यायाम: इथेच खरी ताकद परत येते

‘आता तुम्ही बसा, आम्ही करतो’ हे प्रेमाने म्हटलेले असते. पण न वापरलेला स्नायू भराभर झिजतो. निरोगी ज्येष्ठांना १० दिवस अंथरुणावर ठेवून केलेल्या एका अभ्यासात त्यांच्या पायांतले साधारण एक किलो स्नायू कमी झाले होते, तेही कोणताच आजार नसताना. उलट बाजूही तितकीच पक्की आहे. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वृद्धाश्रमातल्या १०० जर्जर व्यक्तींनी भाग घेतला, सरासरी वय ८७. ज्यांनी १० आठवडे वजनांचा नियमित व्यायाम केला त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून जास्त झाली. ज्यांना व्यायामाशिवाय नुसते पूरक पोषण दिले, त्यांना तो फायदा झाला नाही.

छातीत दुखणे, नुकताच झालेला अस्थिभंग, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा अचानक वाढलेला दम असेल तर आधी डॉक्टरांची परवानगी घ्या. बाकी सर्वांनी आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस सोडून एक, असा क्रम ठेवावा. स्नायू विश्रांतीच्या दिवशीच भरतो, म्हणून रोज तोच व्यायाम करण्याची घाई नको.

बैठक-उठक हा मुख्य व्यायाम. बिनहातांच्या खुर्चीतून उठता येत नसेल तर बैठकीवर घट्ट उशी किंवा घडी घातलेले जाड अंथरूण ठेवून ती उंच करा, किंवा सुरुवातीला हातांच्या खुर्चीचा आधार घेऊ द्या. पाऊले थोडी मागे घ्यायची, धड पुढे झुकवायचे, श्वास सोडत उठायचे. खरी कमाई बसताना होते. धपकन बसू नका, मनात चार अंक मोजत हळूहळू टेका. आठ वेळा, मग दोन मिनिटे विश्रांती, पुन्हा आठ वेळा. बारा वेळा सहज जमू लागले की उशी काढा. त्यानंतर हात सोडा. त्यानंतर छातीशी एक किलोचे वजन धरा. शेवटच्या दोन वेळा जड जात नसतील तर व्यायाम फार सोपा आहे असे समजा. घरोघरी हाच घोटाळा होतो: सहा महिने त्याच दहा उठाबशा चालतात आणि ताकद काही वाढत नाही.

याला तीन गोष्टी जोडा. जड टेबलाला धरून टाचा उचलणे, १० वेळा. खुर्चीत बसून एकेक पाय सरळ करणे, घोट्याला अर्धा किलो वजन बांधून, प्रत्येक पाय ८ ते १० वेळा. भिंतीला हात टेकून ढकलणे, ८ वेळा. श्वास कोंडून जोर लावू नका, त्याने रक्तदाब एकदम चढतो.

मग तोल. मागे खुर्ची, समोर टेबल, बाजूला माणूस. आधी दोन्ही पाऊले जुळवून १० सेकंद उभे राहणे. जमले की एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याशेजारी. तेही जमले की एकापुढे एक, टाचेला अंगठा लावून. टेबलाची पकड आधी पूर्ण हाताची, मग दोन बोटांची, मग नुसती हात टेबलावर तरंगता ठेवण्याची.

चालणे शेवटी येते. हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटते. हृदयासाठी आणि मनासाठी चालणे चांगलेच, पण नुसत्या चालण्याने मांड्यांची ताकद फारशी वाढत नाही. तोल बिघडलेल्या माणसाला तर भरभर चालायला लावले की तो पडण्याची शक्यता वाढते. आधी ताकद आणि तोल, मग अंतर.

दुसऱ्या दिवशी स्नायू दुखणे स्वाभाविक आहे, दोन दिवसांत उतरते. सांधा दुखू लागून दोन तासांनंतरही ठणकत राहिला तर पुढच्या वेळी वजन किंवा संख्या कमी करा. छातीत दडपण, चक्कर किंवा बोलता न येण्याइतका दम लागला तर तिथेच थांबा. छातीतले दडपण बसल्यावरही गेले नाही तर तातडीची वैद्यकीय मदत बोलवा.

ताटात काय

उतारवयात स्नायू प्रथिनांना कमी प्रतिसाद देतात, म्हणून गरज घटत नाही, वाढते. निरोगी ज्येष्ठाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम, आजारी किंवा जर्जर असेल तर १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलोच्या माणसाला १.२ ग्रॅम धरले तर ७२ ग्रॅम. ते तीन जेवणांत साधारण २४-२४ ग्रॅम असे वाटा. बहुतेकांचे सगळे प्रथिन एकाच जेवणात येते आणि सकाळ नुसत्या पिठूळ पदार्थांवर निघते. अंदाजासाठी: एका अंड्यात ६ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८, ३० ग्रॅम कोरड्या डाळीत ७, मूठभर शेंगदाण्यांत ७, शिजवलेल्या १०० ग्रॅम मासळीत किंवा चिकनमध्ये २० ते २५. चावता येत नसेल तर वाटून, किसून, मऊ करून द्या, पण नुसत्या पातळ सुपावर ठेवू नका. मूत्रपिंडांचा गंभीर आजार असेल तर मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

वीस वर्षांपूर्वी घातलेली पथ्ये पुन्हा तपासून घ्या. ज्याचे वजन घटते आहे त्याला बिनतेलाचे, बिनमिठाचे, बेचव अन्न देत राहिले तर तो आणखी कमी खातो. आणि पाच-सहा दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेल्या माणसाला एकदम भरपूर भरवू नका. रक्तातले क्षार धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकतात, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवा.

तहान कमी लागते, म्हणून प्यायचे प्रमाण ठरवून ठेवा: स्त्रियांनी दिवसाला १.६ लिटर, पुरुषांनी २ लिटर पेये. हृदय किंवा मूत्रपिंडांच्या आजारात पाण्यावर बंधन असेल तर तेच पाळा. पिताना वारंवार ठसका लागत असेल, जेवणानंतर आवाज ओलसर, घरघरता येत असेल तर अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत काही जात असण्याची शक्यता आहे. गिळण्याची तपासणी करून घ्या.

ड जीवनसत्त्व कमी असेल तर डॉक्टरांनी सांगितलेली नेहमीची मात्रा घ्या. ‘जास्त तेवढे चांगले’ हे इथे लागू पडत नाही. सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिटची मात्रा देणाऱ्या २०१० च्या अभ्यासात पडणे आणि अस्थिभंग दोन्ही वाढले होते.

आजारपणात आणि रुग्णालयात

जर्जर माणसाला न्यूमोनिया झाला तरी ताप येईलच असे नाही. अचानक पडणे, चालणे बंद होणे, लघवीवरचा ताबा जाणे, एकाएकी गोंधळणे किंवा दिवसभर ग्लानीत राहणे, एवढीच खूण दिसते. काल व्यवस्थित बोलणारा माणूस आज ओळखत नाही, तर तो स्मृतिभ्रंश नव्हे. तो डिलिरियम, म्हणजे आजारपणामुळे मेंदूत अचानक उडालेला गोंधळ, असू शकतो आणि त्यामागे जंतुसंसर्ग, औषध, पाण्याची कमतरता, तुंबलेली लघवी किंवा बद्धकोष्ठ असते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. गप्प, झोपाळू डिलिरियम शांतपणामुळे नजरेतून सुटतो, म्हणून तो अधिक घातक.

भरती करावे लागले तर एका कागदावर लिहून द्या: दोन आठवड्यांपूर्वी ते स्वतः काय काय करत होते. हे सांगितले नाही तर पलंगावरची आजची अवस्थाच नेहमीची समजली जाते आणि उपचारांचे निर्णय त्यावरून होतात. चष्मा, श्रवणयंत्र, कवळी सोबत न्या. जेवण शक्यतो खुर्चीत. लघवीची नळी घातली असेल तर रोज विचारा, ‘आज काढता येईल का?’ ठरवून होणारी शस्त्रक्रिया असेल तर आधीचे चार ते सहा आठवडे वरचा व्यायाम आणि आहार यांसाठी वापरा.

घरात रात्री पलंगापासून संडासापर्यंत उजेड, संडासात पकडायला भिंतीत पक्का बसवलेला दांडा, सैल चपला बाद. काठीची मूठ हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या घडीशी यावी. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी धरायची, बरेच जण नेमके उलट करतात.

बारा आठवड्यांनी चारही मापे पुन्हा घ्या. खुर्चीचा आकडा दोनने वाढला तरी योजना बरोबर चालली आहे. नियमित करूनही तो घसरत असेल तर व्यायाम वाढवू नका, पुन्हा डॉक्टरांकडे जा.

काही माणसे यापलीकडे गेलेली असतात, सर्व कामांसाठी दुसऱ्यावर अवलंबून. तिथे लक्ष्य बदलते. दर २ ते ४ तासांनी कूस बदला, पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी ठेवा, बसवूनच भरवा आणि त्यानंतर अर्धा तास आडवे करू नका. उठवताना काखेत हात घालून ओढू नका, खांदा निखळतो. कंबरेला रुंद पट्टा बांधून त्याला धरा. आणि त्यांना अजून सांगता येते आहे तोवर विचारून घ्या: पुन्हा रुग्णालयात जायचे का, कोणते उपचार नकोत, निर्णय कोणी घ्यायचा. त्यांची उत्तरे लिहून त्याच मापांच्या वहीत ठेवा आणि एक प्रत डॉक्टरांकडे द्या.